पहिला नंबर आणि नरसय्याचा माग

मी आयुष्यात एकदाच वादविवाद स्पर्धेत पहिली आले, आणि त्याच दुपारी एका माणसाच्या पोटावर पाय दिला. दोन्ही कामं मी एकाच भाषणात उरकली. भाषण चांगलंच झालं होतं, हे मी आजही अगदी नम्रपणे सांगते. मूर्खपणा त्याच्या आधीच करून ठेवला होता. आपण कुठल्या बाजूनं बोलणार हे ठाऊक नसताना मी सगळ्या गल्लीला ऐकायला बोलावलं होतं. नातवंडांना हा किस्सा सांगितला की ती म्हणतात, "आजी, तू असं कसं करू शकलीस?" आता त्यांना काय सांगू. तेव्हाची शालन त्यांनी पाहिलेली नाही. दोन घट्ट वेण्या, नाकावरून घसरणारा चष्मा आणि जगातला कुठलाही प्रश्न आपण तोंड उघडलं की सुटतो अशी ठाम समजूत. ही बया न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायची आणि भाषणाचा सराव करायची, कारण तिथं आवाज घुमतो. बाहेर आत्या खांद्यावर पंचा टाकून ताटकळलेली असायची आणि मधूनमधून दार वाजवून विचारायची, "सभा संपली का? मला अंग धुवायचंय."

मोठ्यानं बोलायची सवय मला कॉलेजानं लावली नाही, ती आमच्या गल्लीनं लावली. सोलापुरातल्या त्या भागात घराला घर आणि प्रत्येक दोन घरांमागे मागाची एक शेड. पहाट झाली की खट्खट् सुरू व्हायची ती दिवसभर. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कपाळ धरून बसायचे. आम्हाला मात्र ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायचं ते तिचं थांबणं. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद पडले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं गं?" आणि मग आपणच हसायची. अशा घरात हळू बोललेलं कोणाला कळणार? मीठ मागायचं तरी आम्ही जाहीर सभेत मागितल्यासारखं मागायचो. लग्न होऊन मी शांत वस्तीत राहायला गेले तेव्हा शेजारणीला वाटलं, नवी सून फार भांडखोर आहे. मी फक्त भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला होता.

माझे वडील, म्हणजे अण्णा, कोर्टात कारकून. त्यांची एक सवय मला पुढं कुठल्याच घरात दिसली नाही. संध्याकाळी सगळे जेवायला बसले, ताटात भाकरी, पालेभाजीचा गरगट्टा, शेंगांची चटणी आणि तिच्यावर दह्याचा गोळा पडला, की अण्णा घसा साफ करून म्हणायचे, "आजचा खटला." नाव, गाव काही सांगायचे नाहीत. कोणी कोणाला कशानं मारलं, का मारलं असं तो म्हणतो, एवढंच. मग एकेकानं निकाल द्यायचा. साहेबांनी खरा निकाल काय दिला ते अण्णा हात धुतल्यावरच सांगणार. आमची आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, अंगानं काडी आणि निकालाला लोखंड. तिच्याकडे एकच शिक्षा होती. कोणी कुऱ्हाडीनं डोकं फोडलं, फाशी. बांधावरून काठ्या चालल्या, दोघांनाही फाशी. एकदा कोंबडीचोराला तिनं फाशी दिली तेव्हा अण्णा म्हणाले, "अगं, कोंबडी जिवंत सापडली." आत्या म्हणाली, "मग लवकर द्या, तिला बघू दे." आई निकाल द्यायचीच नाही. ती भाकरी वाढता वाढता एवढंच विचारायची, "त्याच्या घरी कोण कोण आहे?" अण्णांना ते ठाऊक नसायचं, कारण कागदात ते लिहिलेलं नसतं. आणि मी? मी दोन्ही बाजूंनी बोलायचे. आधी माणसाला वाचवायचे, मग टाळ्या पडत नाहीत असं दिसलं की त्याला लटकवायचे. हल्ली कुठं काही भयंकर घडलं की माझ्या मोबाईलवर त्या बातमीखाली निकालांची रांग लागते. सगळ्या आमच्या आत्या. मी खाली सरकवत जाते आणि आईचा प्रश्न कोणी विचारलाय का बघते. अजून सापडला नाही.

ओळखीच्या माणसाचा खटला ताटावर घ्यायचा नाही, असा मात्र अण्णांचा नियम होता. त्यामुळं नरसय्याचा खटला आमच्या घरात कधीच चालला नाही. नरसय्या म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बालम्माचा मुलगा. घरात तेलुगू बोलणारी, विणकाम करणारी माणसं. बालम्मा दारात सूप घेऊन विड्या वळत बसायची आणि तिच्या तंबाखूनं मला शिंका यायच्या. नरसय्या अंबादास मालकांच्या शेडमध्ये मागावर होता. कमी बोलणारा, सुट्टीच्या दिवशी आईचं डोकं विंचरून देणारा मुलगा. एका दुपारी त्यानं शेजारच्या मागावरच्या सिद्रामला धोटा फेकून मारला. धोटा म्हणजे सूत घेऊन मागात इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाची अणी असते. सिद्रामचा उजवा डोळा गेला. नरसय्या जागचा हलला नाही. पोलीस येईपर्यंत तिथंच मागाला टेकून उभा राहिला, आणि काही वर्षं तुरुंगात काढून आला.

तो परत आला तेव्हा मी नुकती कॉलेजात गेले होते. गल्लीनं त्याला टाकलं असं नाही, पण घेतलंही नाही. नळावर तो आला की बायका आपल्या घागरी जरा आपल्याकडे ओढून घ्यायच्या. काम कोणीच देईना. अंबादास मालक हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. नरसय्या आईला म्हणू लागला, मी भिवंडीला जातो, तिथं मला कोणी ओळखत नाही. तो शब्द ऐकला की बालम्माच्या हातातली विडी अर्धवटच राहायची. गेली काही वर्षं तिनं त्याची वाट बघण्यात काढली होती. आता तो आला आणि पुन्हा जाणार. अशात आमच्या कॉलेजच्या स्पर्धेचा विषय फळ्यावर लागला, 'हिंसक गुन्ह्यांवर कडक शिक्षा हाच एकमेव उपाय आहे', आणि प्रमुख पाहुणे म्हणून अंबादास मालकांचं नाव. त्यांनी कॉलेजला पंखे दिले होते, म्हणून.

बालम्माला हे कळलं ते अर्थात माझ्याकडूनच. ती विडीचं पान हातातच धरून म्हणाली, "बाय, तू लई छान बोलतीस म्हणे. मालकासमोर आमच्यासाठी दोन शब्द बोल की. मानूस चुकतंय, त्याला परत घ्यावं, असं कायतरी."

"बोलते की," मी म्हणाले. "तुम्हीच या ऐकायला. नरसय्याअण्णालाही आणा. मालकांना तिथल्या तिथं विरघळवते."

विरघळवते. शब्द तरी बघा.

मग मी अभ्यासाला लागले. अभ्यास म्हणजे दिसेल त्याला अडवून एकच प्रश्न विचारायचा, माणूस माणसावर हात का उचलतो? मला त्या दिवसांतली माझी ही एकच गोष्ट अजून आवडते, की मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अण्णा म्हणाले, "गिरणीचा भोंगा बंद पडला की आमच्याकडे फायली वाढतात. रिकामं पोट आणि रिकामे हात." आत्या म्हणाली, "आयांचे लाड." दूधवाले महमदचाचा सायकलला पाय लावून विचार करत उभे राहिले आणि म्हणाले, "गुस्सा हराम है बेटी, पन आता सो आता." कॉलेजातले आमचे मानसशास्त्राचे सर म्हणाले, बालपण. शेजारच्या गल्लीतल्या हवालदारांनी दारू सांगितली. मी स्वतः तेव्हा एक शोध लावला होता, की सोलापूरचं ऊन आणि चटणीतलं तिखट ही दोन कारणं आहेत. आठवडाभर मी घरात चटणी खाल्ली नाही आणि माझा राग किती कमी होतो ते पाहत बसले. शेवटी चटणी मिळत नाही म्हणून आईवर ओरडले, तेव्हा तो शोध मागं घेतला.

आणि मग मी नरसय्यालाच विचारलं. त्याच्या दारात, त्याची आई आत चहा टाकत असताना, मी पायरीवर बसून विचारलं, "तुम्ही त्याला का मारलं?" आज एखाद्या पोरीनं असा प्रश्न केला तर मी तिचा कान धरीन. पण तो रागावला नाही. उलट जरा नीट बसला, जणू कोणी विचारेल म्हणून थांबलाच होता.

"माझी सुताची तार तुटली होती," तो म्हणाला. "कापड बिघडलं. मालक येऊन चार लोकांत बोलून गेले. मग सिद्राम हसला."

"एवढंच?"

"तो रोजच हसायचा. मी पण हसायचो त्याला. त्या दिवशी धोटा हातात होता." मग म्हणाला, "कोर्टात वकील म्हनले, दारू पिलो होतो सांग. मी पिलो नव्हतो. आत गेल्यावर लई विचार केलो. का मारलो, का मारलो. तुला कळलं तर मला पन सांग."

माझी नात पुण्यात कायदा शिकते. तिच्या पुस्तकात गुन्ह्याची कारणं एकाखाली एक छापलेली आहेत. मी तिला विचारलं, यात 'हसला' कुठं बसतं? तिनं पान उलटून सांगितलं, "तात्कालिक प्रक्षोभ, आजी." नाव छान आहे. पण नरसय्याला ते सांगितलं असतं तर त्याचं समाधान झालं असतं असं मला वाटत नाही. तो रोजचं हसणं आणि त्या दिवशीचं हसणं, यांतला फरक शोधत होता.

आता त्या चिठ्ठीची गोष्ट. आमच्या प्राचार्यांचा नियम होता की मुलांनी दोन्ही बाजूंची तयारी करायची आणि कुठली बाजू मांडायची ते मंचावर, बोलायच्या जरा आधी, पितळी भांड्यातून चिठ्ठी उचलून ठरवायचं. दुसऱ्याच्या बाजूनं विचार करायची सवय लागावी म्हणून. मला हा नियम माहीत नव्हता असं नाही. पण सरावाच्या वेळी मला दरवेळी हवी तीच चिठ्ठी आली होती, त्यामुळं चिठ्ठ्या माझं ऐकतात असा माझा समज झाला होता. शिवाय निघताना आईनं हातावर दही-साखर ठेवली होती. सभागृहात तिसऱ्या रांगेत आमची गल्ली बसलेली. बालम्मानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नरसय्या धुतलेल्या सदऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून. समोर मंचावर अंबादास मालक, आणि त्यांनीच दिलेल्या पंख्यानं त्यांची टोपी सारखी उडायला बघत होती. मी भांड्यात हात घातला. चिठ्ठी उघडली. 'अनुकूल.' म्हणजे कडक शिक्षा हाच उपाय, असं बोलायचं.

मला माघार घेता आली असती. पोटात दुखतंय म्हणाले असते तरी कोणी काही म्हणालं नसतं. ते मनात आलंही. पण टेबलावर कप होता. खिडकीतून त्याच्यावर ऊन पडलं होतं आणि तो असा चमकत होता की बाकी काही दिसेना. मी म्हटलं, थोडं मिळमिळीत बोलू, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही. पण मिळमिळीत बोलायचं कसं हे त्या पोरीला कोणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या वाक्याला माना हलल्या, दुसऱ्याला टाळी पडली, आणि मग शालन सुटली. आत्याचे इतक्या वर्षांचे सगळे निकाल माझ्या तोंडून वळणदार मराठीत बाहेर पडायला लागले. "गुन्हेगाराच्या शिक्षेला तारीख असते," मी म्हणाले, "तो त्या तारखेला सुटतो. ज्याला घाव बसला, तो कुठल्या तारखेला सुटतो? त्याच्या सुटकेचा कागद कोणत्या कोर्टात मिळतो?" हे वाक्य मी आधी कधी बोलले नव्हते. ते तिथंच सुचलं, आणि आपल्याला इतकं चांगलं सुचतं या आनंदात मी ते पुन्हा एकदा म्हटलं. ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर सिद्राम होता का? छे. सिद्राम मला महिनाभरात आठवलाही नव्हता. मी अख्ख्या सोलापूरला कारण विचारत फिरले आणि ज्याला लागलं त्याच्या दाराशी गेलेच नाही.

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. सगळ्यांत जोरात टाळ्या बालम्मा वाजवत होती. पुस्तकी मराठीतलं तिला काही कळलं नव्हतं. एवढी माणसं टाळ्या वाजवतात म्हणजे पोरगी आपल्यासाठी छानच बोलली असणार, एवढंच तिला कळलं. नरसय्याला सगळं कळलं होतं. तो वर पंख्याकडे बघत होता.

बक्षीस मालकांच्याच हातून मिळालं. नंतर चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले, बशीत चहा ओतून. "पोरी, बरं झालं तू बोललीस," ते म्हणाले. "तुझ्या गल्लीतल्या त्या नरसय्याला परत घ्यावं, असं आज ठरवूनच घरनं निघालो होतो. त्याची आई दोनदा येऊन गेली. पण तुझं ऐकलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. सिद्राम माझ्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरत बसतो. त्याच्यासमोर ह्याला उभा करू? नाही घेत."

माझ्या हातातला कप, म्हणजे बक्षिसाचा, एकदम जड झाला. "अहो मालक, ती चिठ्ठी होती," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला ती बाजू आली. दुसरी आली असती तर मी दुसरं बोलले असते."

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"खोटं नाही."

"मग खरं?"

"तसंही नाही."

मालकांनी बशी खाली ठेवली. "मग आम्ही बक्षीस कशाचं दिलं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी कप पाठीमागे धरला.  मग तेच म्हणाले, "तुझं ते एक वाक्य मात्र चिठ्ठीचं वाटलं नाही. एक काम कर. सिद्रामच्या घरी जा आणि विचार. तो हो म्हणाला तर उद्यापासून नरसय्याला मागावर घेतो. मी विचारलं तर मालक विचारतोय म्हणून तो हो म्हणेल. तुला नाही म्हणायला त्याला काही वाटणार नाही."

घरी आले तर बालम्मा पेढे घेऊन दारात. "किती टाळ्या पडल्या, बाय," असं म्हणून तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. तिच्यामागे नरसय्या उभा होता. ती आत आईकडे गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "अम्माला सांगू नको. टाळ्यांनी लई खूश हाय ती." एवढंच बोलला. मी पेढा गिळला. गोड होता, हे सांगायलाही लाज वाटते.

त्या संध्याकाळी अण्णांनी आपला नियम मोडला. मी काय करून बसले ते त्यांच्या कानावर आलंच होतं. ताट समोर घेऊन त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आजचा खटला. एकानं दुसऱ्याचा डोळा फोडला. शिक्षा भोगून आला. आता त्याला काम द्यायचं की नाही?" आम्ही सगळे आत्याकडे बघू लागलो. आत्या भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तसाच धरून बसली. तिच्या समोरच्या भिंतीपलीकडे बालम्मा तेलुगूत काहीतरी गुणगुणत भांडी घासत होती, ते ऐकू येत होतं. "मला नाही सांगता येत," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा कोणाला जिवंत सोडलं होतं. आईनं नेहमीचाच प्रश्न विचारला, पण या वेळी सिद्रामबद्दल, "त्याच्या घरी कोण कोण आहे?" गल्लीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस, पण आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. अण्णा म्हणाले, "उद्या जा. आणि तिथं भाषण करू नकोस."

"मी जाते हिच्याबरोबर," आत्या म्हणाली. "बोलायला लागली तर चिमटा काढीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. सिद्रामचं घर आमच्या मागच्या गल्लीत, बैठं, समोर शेणानं सारवलेलं अंगण. घरात बायको महादेवी, अक्कलकोटकडची, आणि दोन लहान मुली. महादेवी दारालगतच्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. पातळ थापून, खरपूस भाजून, कडक करून चवडीनं रचून ठेवायच्या, आठवडाभर पुरतात. तिच्या हाताचा थप्थप् आवाज आम्ही बसेपर्यंत थांबला नाही. सिद्राम आतून आला आणि बसताना थोडा वळून बसला, डावा डोळा आमच्याकडे येईल असा. अंगकाठी मोठी, मिशी जाड. हसरा माणूस असावा हे गालांवरून दिसत होतं, पण तो हसला नाही.

मी थोडक्यात सांगितलं. स्पर्धा, चिठ्ठी, मालक, त्यांचा निरोप. आत्याला एकदाही चिमटा काढावा लागला नाही. सिद्राम ऐकत होता. मग म्हणाला, "कळलं मला, तू काय बोललीस ते. शेडमधी सगळे बोलालेत. त्या तारखेचं." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "बरं बोललीस. आमच्याबद्दल कुणी काय बोलतच न्हाय. त्याला किती वर्सं झाली, त्यो कसा ऱ्हायला, त्यो कवा सुटनार, हेच. चांगलं झालं कुणीतरी बोललं."

मला एवढं मेल्यासारखं आयुष्यात झालं नाही. जे मी कपासाठी बोलले होते ते या माणसानं आपलं म्हणून जपून ठेवलं होतं. ते वाक्य परत मागून घेण्याची माझी हिंमत झाली नाही. पण खोड जाईना. मी विचारलंच, "तुम्हाला काय वाटतं, त्यानं का मारलं?"

आत्यानं चिमटा काढला. जोरात.

"मी हसलो," सिद्राम म्हणाला. "त्याचं कापड बिघडलं, मालक बोलला, आन मी हसलो. मला ठावं हाय. वाईट वाटलं असंल त्याला. पर हसल्यानं डोळा जातो व्हय? तूच सांग, शिकलेली हाईस." त्यानं उत्तराची वाट पाहिली. खरोखर पाहिली. मला वाटतं त्या घरात आणि आमच्या शेजारच्या घरात दोन माणसं कितीतरी दिवस एकच प्रश्न घेऊन बसली होती, आणि दोघांच्या मधे राहणारे आम्ही सगळे दारू, ऊन, बालपण असली उत्तरं वाटत फिरत होतो. मी म्हटलं, "मला नाही माहीत." तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे."

आत्यानं मग तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो. मऊ आवाजात, जो तिच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. "सिद्रामदादा, तो परत त्याच शेडमध्ये आला तर तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तरी कोणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. त्याची आईसुद्धा नाही."

सिद्रामनं मान वळवली, डावा डोळा बायकोकडे केला. "डोळा माजा गेला," तो म्हणाला, "पर दचकून उठती ही. हिला विचारा."

महादेवीनं तव्यावरची भाकरी उलटली. हातातलं पीठ झटकलं, पदरानं कपाळ पुसलं. आमच्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली:

"यीऊ दे त्याला कामावर. त्याच्या म्हातारीनं कुटं जावं. पर माझा एक निरोप सांग त्याला, बाई. ह्याच दारावरनं त्यो रोज नळाला जातो, मान खाली घालून. त्याला वाटत असंल, आपल्याला लाज हाय म्हणून आपन असं जालालोय. मला हितनं नुसते केस दिसत्यात आन खांदा दिसतो, आन काळजात धस्स हुतंय, ह्यो कोण, हातात काय हाय ह्याच्या. पोरींना आत वढून घेतो मी. त्याला म्हणावं, मान वर करून जा. तोंड दिसू दे. नरसय्या हाय एवढं कळलं की मी भाकरी थापत बसंन."